आज्जी मणी मागते

आमच्या घरातले सगळे विळे आईनं एकदा धान्याच्या कणगीमागं नेऊन लपवले होते, आणि तेही एका ऐंशीच्या घरातल्या म्हातारीच्या भीतीनं. म्हातारी म्हणजे माझी आज्जी, आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची आई. तिनं त्या दिवसांत एकच धोशा लावला होता. भूक लागली का विचारलं की म्हणायची, "इळा." कुठं दुखतंय का, "इळा." आमच्याकडं विळ्याला इळाच म्हणतात, तेव्हा पहिल्यांदा आईनं सरळ मनानं विळा आणून तिच्या हातात दिला. जन्मभर गवत कापलेला हात, त्याला काहीतरी धरावंसं वाटत असेल, असं तिला वाटलं. आज्जीनं तो उलटापालटा करून बघितला, बाजूला ठेवला आणि आईच्या तोंडाकडं बघत परत म्हणाली, "इळा, इळा." आता मात्र आईला घाम फुटला. "म्हातारीच्या मनात काय शिजतंय कुनाला ठावं? येखांद्या दिशी माज्याच नरड्यावर ठेवंल," असं ती आण्णांना म्हणाली आणि विळे गायब झाले. कुऱ्हाड मात्र दाराआड जिथल्या तिथं राहिली, कारण कुऱ्हाड आज्जीनं मागितली नव्हती.

आमचं घर म्हसवडच्या बाहेर, माळाला लागून. दगडाच्या भिंती, वर पत्रा, पुढं काट्याच्या कुंपणात मेंढरं. घरात आम्ही चौघं: आण्णा, आई, आज्जी आणि मी. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आज्जी नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आली, ती जतच्या पलीकडून, पार शिवेवरच्या गावातून. दोन्हीकडच्या बापांची मेंढरं एका रानात बसली होती, तिथं सोयरीक जमली. माहेरी तिचं जाणं-येणं आईबाप होते तोवर झालं, नंतर तुटलं. माझ्या आठवणीत तिचं माहेर म्हणजे फक्त एक शब्द होता. ती कधी तिकडचं बोलायची नाही आणि आम्ही कधी विचारायचो नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारायचं असतं, ही अक्कल मला फार उशिरा आली.

संध्याकाळी मेंढरं परतली की आमच्या दारात जो कालवा व्हायचा, तो मला अजून सांगलीच्या फ्लॅटमध्ये बसून ऐकू येतो. दिवसभर घरी कोंडलेली कोकरं एकीकडून ओरडायची, पान्हावलेल्या मेंढ्या दुसरीकडून. त्या गोंधळात आज्जी मधोमध उभी राहायची आणि एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईखाली लावायची. शंभर-सव्वाशे तोंडं, सगळी परक्याला एकसारखी दिसणारी, पण तिची चूक कधी झाली नाही. ते आटोपलं की ती हात धुऊन चुलीशी बसायची आणि हुलग्याचं माडगं ढवळायची. गूळ घातलेलं ते गरम माडगं आणि तिच्या लुगड्याला येणारा लोकरीचा वास, एवढ्यावर माझं लहानपण झालं. मग एके संध्याकाळी तिनं एका मेंढीखाली भलतंच कोकरू लावलं. मेंढीनं लाथ मारली. आज्जीनं दुसरं लावलं, तेही चुकलं. आण्णांनी कोकरू तिच्या हातातून हळूच घेतलं. आई म्हणाली, "डोळं गेल्यात म्हातारीचं." आण्णांनी मान डोलावली, पण त्या दिवशी ते माडगं न पिताच उठले.

आज या आजाराला नाव आहे. मी मिरजेच्या एका दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, ते नाव शेकडो कागदांवर लिहिलं, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ लोक मलाच पाठवतात. तेव्हा आमच्याकडं त्याला म्हातारचळ म्हणायचे, आणि त्यावर औषध काय, तर 'तिकडं ध्यान देऊ नगंसा.' पण ध्यान न देऊन भागेना. आज्जी माझं नाव विसरली, आईला शेजारीण समजायला लागली, बोलता बोलता अडायची, मग बोलणंच तुटत गेलं. दात नव्हतेच, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, त्यातला एखादा शब्द कळायचा. आणि दुपार कलली की ती उठून चालायला लागायची. दोनदा देवळापाशी सापडली. तिसऱ्यांदा डांबरी रस्त्यावर, एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. त्या दिवशी आण्णांनी लोकरीची मऊ दोरी वळली, काचू नये म्हणून दुपदरी, आणि तिचं एक टोक आज्जीच्या कमरेला, दुसरं खांबाला बांधलं. आमच्यात मेंढरू कधी बांधत नाहीत. आण्णांनी ती गाठ मारताना तोंड दुसरीकडं फिरवलं होतं, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढं माझ्या वॉर्डात म्हाताऱ्यांना धरून आणणारे लेक बघितले की तो राग मला परत घ्यावासा वाटायचा.

त्याच सुमाराला 'मनी' सुरू झालं. आज्जी दोरीच्या टोकाला बसून दिवसभर म्हणायची, "मनी... मनी..." आणि एक हात तिच्या मोकळ्या गळ्यावर फिरत असायचा. आम्ही मण्याला मनीच म्हणतो. आता यात न कळण्यासारखं काय होतं? आजोबा गेले त्या दिवशी बायकांनी तिच्या गळ्यातलं डोरलं तोडलं, काळे मणी अंगणात सांडले, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. आजोबा गेल्याचं ती विसरली आणि आपले मणी कुणी नेले म्हणून विचारते, असा अर्थ आईनं लावला आणि आम्हा सगळ्यांना तो पटला. तिला मणी द्यावेत, असंही आईनंच सुचवलं. त्यावरून घरात जे रामायण झालं ते विचारू नका. आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, शेजारच्या वस्तीवरून काठी आपटत आले.

"रांडमुंड बाईच्या गळ्यात मनी घालताय? माजा भाऊ मेलाय न्हवं, का मी सपान बघितलं?"

"मामंजी, त्ये मेल्यालं तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय," आई म्हणाली. "तिच्या ध्यानात न्हाई. तिच्या हिशेबानं त्ये मेंढरं घिऊन गेल्यात."

"लोकं त्वांडात श्यान घालत्याल!"

"लोकांनी येक दिस हितं येऊन तिला सांबाळावं, मग घालावं."

आई एरवी नानांपुढं तोंड वर करून बोलायची नाही. नाना आण्णांकडं वळले. आण्णा खांबाला टेकून दोरीकडं बघत होते. ते म्हणाले, "मनीच मागतीया न्हवं, नाना? देऊ की." नाना काठी टेकत गेले आणि महिनाभर आमच्या दाराला आले नाहीत.

बाजाराच्या दिवशी जैतूनबी यायची. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरणारी बाई; आमच्या घरातल्या प्रत्येक हाताचं माप तिला तोंडपाठ होतं. आईनं तिला सगळं सांगितलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं पेटी उघडली, काळे मणी काढले आणि आज्जीपुढं मांडी घालून दोऱ्यात ओवायला बसली. आज्जी तिच्या हातांकडं बघत होती. मण्यांकडं तिचं लक्षही नव्हतं. मग ती पुढं वाकली, जैतूनबीचं मनगट धरलं आणि नेहमीचं पुटपुटली. जैतूनबीचा हात थांबला. तिनं कान जवळ नेला. "काय म्हनलीस, आजी? परत म्हन." आज्जी परत म्हणाली. आणि जैतूनबीनं तिला काहीतरी उत्तर दिलं, जे आम्हाला कुणालाच कळलं नाही. आज्जीनं तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ढसाढसा रडायला लागली.

"ही मनी न्हाई मागत, पोरी," जैतूनबी आईला म्हणाली. तिचं स्वतःचं माहेरही जतकडचं. "ही कानडी बोलतीया. 'मनिगी होगूण' म्हंतीया. मनी म्हंजी घर. घरला जाऊ या, असं म्हंतीया म्हातारी."

 आईनं हळूच विचारलं, "आनि इळा?"

"इल्ला. इल्ला म्हंजी न्हाई."

भूक लागली का, नाही. दुखतंय का, नाही. साधं 'नाही' म्हणत होती बिचारी, आणि आम्ही घरातलं लोखंड लपवत होतो. आई आधी हसली, मग तोंडाला पदर लावून रडली. आज विचार केला की लाजच वाटते. आज्जीचं माहेर कानडी मुलखातलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिच्या तोंडून कानडीचं अक्षर कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून ती भाषा तिच्यात असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आण्णा मेंढरं घेऊन आले तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "मी ल्हान असताना ती मला असलंच कायतरी म्हनून निजवायची. माजी आज्जी लय कडक. वरडायची, पोराची जीब बिगडंल, तुजं कानडी हेल माज्या घरात नगंत. मग येक दिस तिचं गानंच बंद झालं. मला वाटलं, मी मोटा झालो म्हनून." उठून त्यांनी खांबाची गाठ सोडली. दुसऱ्या दिवशी आपण तिच्या माहेराला जायचं, असं त्यांनीच ठरवलं. तिथं कोण जिवंत आहे, घर उभं आहे की नाही, काही माहीत नव्हतं.

आई मेंढरांपाशी राहिली; आम्ही तिघं आटपाडीवरून जत, जतला गाडी बदलून पुढं. वाटेत आज्जी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. शाळूची रिकामी रानं, बाभळी, मधेच एखादा कळप. उतरलो तेव्हा गावात नुकताच पाण्याचा टँकर आला होता आणि घागरी-कळश्या घेऊन बायकांची झुंबड उडाली होती. एक दांडगी बाई रांग मोडून पुढं घुसली, तशी बाकीच्यांनी एकच गिल्ला केला. आज्जी थांबली. माझा हात सोडवून ती सरळ त्या गर्दीत गेली आणि त्या बाईला कानडीत झोडपायला लागली. आठ महिने जिनं सलग चार शब्द जोडले नव्हते, ती म्हातारी कमरेवर हात ठेवून, न अडखळता, एका श्वासात बोलत होती, आणि ते काहीतरी झणझणीत असणार, कारण भांडण सोडून सगळ्या बायका हसायला लागल्या. ती दांडगी बाईसुद्धा हसली आणि मागं सरली. मी आण्णांकडं बघितलं. स्वतःची आई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी, असा त्यांचा चेहरा झाला होता. आनंद होता, आणि लागलंही होतं.

माहेरच्या घरात आज्जीचा धाकटा भाऊ अजून होता, मल्लाप्पा. पाठीतून वाकलेला, डोक्याला भला मोठा पटका. त्याला तिनं ओळखलं की नाही हे मला अजून सांगता येणार नाही; ती त्याला आपल्या बापाच्या नावानं हाक मारायची. पण तिथं ती जेवली. कडक भाकरी ताकात कुस्करून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, मागून मागून जेवली. दुपार कलली तरी उठून चालायला लागली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ती दाराची चौकट धरून बसली. आण्णांनी हात धरला, तर लहान पोरासारखी किंचाळली. मल्लाप्पा मोडक्या मराठीत म्हणाला, "अक्का इथंच ऱ्हातंय. तुमी जावा."

"असं कसं, मामा? लोक म्हंत्याल, ल्योकानं आईला सांबाळली न्हाई, म्हायेरला टाकून आला. बाई दिल्या घरीच सरली पायजे."

"लोक बोलतंय. लोकाचं त्वांड हाय, बोलतंय. अक्का तुमच्याकडं बोलतंय काय? सांगा."

 आण्णा उठून गोठ्याच्या मागं गेले. मी गेले तर कुंपणाला धरून उभे होते. मला म्हणाले, "सुले, मी तिला हितं सोडली तर माजा जीव मला खाईल. न्हेली तर परत बांदावं लागंल. काय करू, सांग." चौदा वर्षांच्या पोरीला बाप असा प्रश्न विचारतो तेव्हा काय बोलायचं असतं? मला सुट्टी लागलीच होती. मी म्हटलं, मी राहते तिच्यापाशी शाळा सुरू होईपर्यंत, तुम्ही येत जावा. आण्णा त्या दिवशी एकटेच परत गेले. गाडी वळेपर्यंत ते खिडकीतून घराकडं बघत होते.

त्या उन्हाळ्यात मी कानडी शिकले. टँकरच्या रांगेत शिकले, भाकऱ्या थापताना मल्लाप्पामामांच्या सुनांकडून शिकले, आणि सगळ्यात जास्त आज्जीकडून. ती मला कुणीतरी लहानपणची मैत्रीण समजायची आणि गुपितं सांगायची. मिरजेत अथणी-विजापूरकडचे पेशंट यायचे, मी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलले की नातेवाईक विचारायचे, सिस्टर तुम्ही कुठल्या? मी सांगायचे म्हसवडची, आणि त्यांचा विश्वास बसायचा नाही. आज्जी त्यानंतर दीड वर्ष जगली आणि माहेरातच गेली. म्हसवडमध्ये लोक जे बोलायचे ते बोललेच. भरल्या पंगतीत एकानं आण्णांना टोमणा मारला, "आईची पाठवनी लय थाटात केलीस रं." नानांनी तर तोंडावर सांगितलं की तुझ्या बापाला हे आवडलं नसतं.  आण्णा मात्र वाळत चालले होते. त्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला आले की मला बाजूला घेऊन एकच विचारायचे, "मला इचारती का गं?" मी हो म्हणायचे. ते खोटं आहे हे त्यांना कळायचं.

आण्णा तिसऱ्या खेपेला आले ती भर दुपार होती. अंगातून घाम निथळत होता. आज्जी त्यांना पाहून लगबगीनं उठली, घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मला वाटलं, ओळखलं! आण्णांनाही वाटलं असावं, कारण ते पुढं झाले आणि "आये" म्हणाले. आज्जीनं डोईवरचा पदर नीट केला आणि मला कानडीत सांगितलं, पाहुणे लांबून आलेत, भाकरी वाढ. आण्णा घोंगड्यावर बसले. मी ताट आणलं. आज्जी त्यांच्यासमोर पाहुणचाराला बसली आणि एकेक विचारायला लागली: गाव कुठलं, पाऊस झाला का, मेंढरं किती. मी मध्ये बसून इकडचं तिकडं करत होते. आण्णा खाली मान घालून, परक्यानं द्यावीत तशी उत्तरं देत होते. एकदाही त्यांनी मला म्हटलं नाही, तिला सांग मी कोण आहे ते. मी मात्र मनातून चिडले होते, तिच्यावर, त्यांच्यावर, सगळ्यांवर. मग आज्जीनं आणखी एक विचारलं आणि माझ्याच्यानं ते पुढं सांगवेना.

"काय म्हंतीया?" आण्णांनी विचारलं.

"काय न्हाई."

"सांग की, सुले."

"तुमची आई हाय का, म्हंतीया."

आण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. आज्जी उत्तराची वाट बघत बसली होती.

"हाय म्हनावं," आण्णा म्हणाले.  "म्हायेरला गेलीया."

मी तिला ते कानडीत सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं उठून दुरडीतली आणखी एक भाकरी घेतली, आण्णांच्या ताटात टाकली आणि त्यांना काहीतरी बजावलं. तिनं जे सांगितलं ते मी आण्णांना शब्दाला शब्द सांगितलं:

"मग ऱ्हाऊ दे की तिला चार दिस. लगीच आनाया जाऊ नगंस."